वर्तणुकीचा दाखला

न्यायाधीशांनी माझे वाक्य भर न्यायालयात वाचून दाखवले, तेव्हा मी तिथे नव्हतो. मी कॅरिगडूनच्या वाचनालयात परत आलेली पुस्तके फळ्यांवर लावत होतो, आणि नोव्हेंबरचे थकलेले ऊन खिडकीला टेकून उभे होते. वाक्य मला दोन दिवसांनी साप्ताहिकात भेटले. आपण लिहिलेले कुणा परक्याच्या तोंडी जावे, ही माझी लहानपणापासूनची हौस. ती अशी फिटेल असे वाटले नव्हते.

‘सामना हरल्यावर सारे निघून गेले तरी जो माणूस एकटा मैदानात थांबतो, गोलखांबांची ओली जाळी हातांनी सोडवतो आणि घडी घालून ठेवतो, त्याच्या मनात क्रौर्याला थारा असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.’

वाक्याखाली बातमी होती. टायग मार्नेन, वय चोवीस, हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाच्या आमच्या क्लबचा सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात, उपान्त्य सामना हरून लिमरिकहून सार्वजनिक बसने परतताना, तो बसमधल्या एका मुलीची वाट अडवून उभा राहिला. चालक ऊना हेगर्टी यांनी बस रस्त्याच्या कडेला घेतली आणि त्याला उतरायला सांगितले. त्याने त्यांना पाच वेळा मारले; शेवटचे दोन फटके त्या खाली पडल्यानंतरचे होते. बसमधल्या कॅमेऱ्यात सारे नीट दिसत होते. त्यांचा डावा डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला बस चालवू देत नाहीत, म्हणून सव्वीस वर्षांचे कामही गेले. टायगने गुन्हा कबूल केला, वर्तणुकीचे एक्केचाळीस दाखले सादर केले, आणि न्यायाधीशांनी तीन वर्षांची कैद सुनावून ती सगळीच्या सगळी स्थगित ठेवली. संध्याकाळच्या चहाला टायग घरी होता.

कॅरिगडूनमध्ये दाखला ही मागण्याची नव्हे, देण्याची वस्तू आहे. मयताच्या घरी सँडविचचे ताट न्यावे, तसा अडचणीत सापडलेल्या घराला दाखला द्यायचा. खरे काय घडले, हे विचारणे असभ्यपणाचे. मी क्लबचा चिटणीस आणि वाचनालयात बसणारा. त्यामुळे निधनवार्ता, नोकरीचे अर्ज, सामन्यांची वर्णने, सगळे माझ्याकडून लिहून घेतले जाते. बोलताना मी अडखळतो, कागदावर अडखळत नाही, हे गावाने फार पूर्वी ओळखले आहे. क्लबचे अध्यक्ष डोनी ब्रॉस्नन ऑक्टोबरात वाचनालयाच्या दारात येऊन म्हणाले होते, “कविराज, टायगसाठी एक दाखला लिही. झकास लिही. आणि आणखी दहा लिहून ठेव, सह्या मी गोळा करतो. जजच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं पाहिजे.”

गावात तोवर एक गोष्ट मुरली होती. बसमध्ये थोडी धक्काबुक्की झाली, बाई पायरीवर पडल्या, कडा डोळ्याला लागली. ऊना हेगर्टी सहा मैलांवरच्या ड्रमलीच्या. आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, नव्हत्या. ती गोष्ट खरी मानणे सोयीचे होते, म्हणून मी ती खरी मानली. माझ्या अज्ञानाची याहून चांगली सबब माझ्यापाशी नाही.

आणि जाळी? जाळी मी उतरवतो.

शुक्रवारी दुपारी ऊना हेगर्टी वाचनालयात आल्या. डाव्या डोळ्यावर काळसर काच असलेला चष्मा होता. माझ्याकडे पाहण्यासाठी त्यांना सबंध चेहरा वळवावा लागला.

“लॉर्कन डेव्हेनच ना तू? कॉलेजला होतास तेव्हा चार वर्षं माझ्या बसमध्ये मागून तिसऱ्या बाकावर बसायचास. खिडकीशी बोलायचास.”

“हो,” मी म्हणालो.

“खिडकी काही बोलली की नाही कधी?” उत्तराची वाट न पाहता त्यांनी खुर्ची ओढली. “हे बघ, सगळे म्हणतात तुझ्या हाताला गुण आहे. मला एक पत्र लिहून हवंय, सरकारी खटल्यांच्या संचालकांना. शिक्षा फारच हलकी आहे असं त्यांना पटलं, तर ते वरच्या कोर्टात जाऊ शकतात. अठ्ठावीस दिवस असतात. नऊ गेले.” त्यांनी पिशवीतून साप्ताहिकाचे कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. “या वाक्याला उत्तर द्यायचंय. कुणी लिहिलंय देव जाणे, पण लिहिलंय मात्र छान. कोर्टात ऐकलं ना, तर क्षणभर मलाच वाटलं, कशाला बिचाऱ्याला छळतेस, ऊना!”

गप्प राहण्याची माझी साधना मोठी आहे. त्या दिवशीही ती मला सहज तारून नेऊ शकली असती. मी कात्रण सरळ केले, पुन्हा सरळ केले.

“ते मी लिहिलं.”

“काय?”

“ते वाक्य. आणि जाळी तो उतरवत नाही. मी उतरवतो. सगळे गेल्यावर मैदानात मी असतो.”

त्यांनी कात्रण आपल्याकडे ओढून पुन्हा वाचले. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मग त्याच्या नावावर का घातलंस रे?”

“त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही सापडेना. म्हणून माझं दिलं.”

“म्हणजे तुझा चांगुलपणा अंगात घालून तो दारातून बाहेर गेला.”

“मला माफ…”

“ते नको. माफी ठेवायला माझ्याकडे सध्या जागा नाही.” त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि परत घातला. “मला काय हवंय ते ऐक. त्याला कुजवायचं नाहीये मला. डोळा परत येत नाही, हे डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळतं. पण जजसाहेब त्याच्या क्लबबद्दल बोलले, आईबद्दल बोलले, गोलांबद्दल बोलले. माझ्याबद्दल किती बोलले? त्यांना ग्लासभर पाणी प्यायला लागला, तेवढा वेळसुद्धा नाही. मला एवढंच हवंय, की त्या खुर्चीवर बसून कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, की हे जड होतं. आणि मग त्या वजनाइतकी शिक्षा द्यावी. लिहितोस?”

“लिहितो. दोन पत्रं लिहितो.”

“दुसरं कसलं?”

“माझा दाखला मागे घेतल्याचं.”

“गाव तुला कच्चा खाईल, पोरा. घाबरलास?”

“हो.”

“बरं झालं. न घाबरणारे मी पाहिलेत.”

त्यांचे पत्र त्याच संध्याकाळी गेले. त्यात एकही उपमा नव्हती. त्या सांगत गेल्या आणि मी फक्त स्वल्पविराम दिले.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो. सार्जंट ब्रेडा कीन यांनी माझा जबाब टंकून घेतला, मला वाचायला दिला, आणि सही झाल्यावर खुर्चीत मागे रेलल्या.

“एक गेला, चाळीस उरले,” त्या म्हणाल्या. “त्यांतले दहा तुझ्याच हातचे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण त्यांच्याखाली सह्या दुसऱ्यांच्या आहेत. त्या तू मागे घेऊ शकत नाहीस, मीही नाही. ज्याचं नाव त्यानं स्वतः यायला हवं.”

“ते येतील?”

“कॅरिगडूनची माणसं? स्वतःच्या पायांनी? ठाण्यात?” त्या हसल्या. “पासपोर्टच्या फॉर्मवर शिक्का मारून घ्यायला येतात, तेसुद्धा मान खाली घालून. तू बोलून बघ.”

बोलून बघ. पोहता न येणाऱ्याला कुणी समुद्र दाखवावा, तसे ते दोन शब्द मी घरी घेऊन गेलो. चाळीस दारे ठोठावण्याचे बळ माझ्यात नव्हते. परंतु वर्षातून एकदा मला उभे राहून बोलावेच लागते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर, क्लबची वार्षिक सभा भरते, आणि चिटणिसाला अहवाल वाचावा लागतो. त्या दहा मिनिटांची धास्ती मला एरवी उन्हाळ्यापासून असते. त्या वर्षी मी पहिल्यांदाच त्यांची वाट पाहिली.

डोनींना कुणकुण लागलीच. सभेच्या सकाळी त्यांनी मला चहाच्या मोठ्या पातेल्यामागे गाठले.

“सामन्यांचे निकाल वाच, नव्या सभासदांची नावं वाच आणि खाली बस. बाकी एक अक्षर नको. कळलं का, कविराज?”

“डोनी, त्या बाईंचा डोळा…”

“मला ठाऊक आहे! मला काय काळीज नाही? पण पोराला आत टाकून तिचा डोळा उगवणार आहे का? चोवीस वर्षांचं पोरगं. आत जाईल ते एक, बाहेर येईल ते भलतंच. हवंय तुला?”

त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. म्हणूनच ते इतके दिवस सर्वांना पुरले होते.

सभागृहात साठएक माणसे होती. ओल्या कोटांचा वास येत होता. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, टायग उभा होता. मी निकाल वाचले. नव्या सभासदांची नावे वाचली. मी इतका अडखळत वाचत होतो की पहिल्या रांगेतल्या बायकांनी सहानुभूतीने खाली पाहायला सुरुवात केली. मग मी पुढचा मथळा वाचला: ‘पत्रव्यवहार’.

“या वर्षी चिटणिसाने वर्तणुकीचे अकरा दाखले लिहिले. एकावर त्याची स्वतःची सही आहे, दहांवर इतरांची. त्यांपैकी एकाही दाखल्यातील एकही गोष्ट खरी असल्याचे चिटणिसाला ठाऊक नव्हते.”

“पुरे,” डोनी म्हणाले.

“न्यायाधीशांनी त्यांतील एक वाक्य वाचून…”

“पुरे म्हटलं ना!”

मी कागद खाली ठेवला. तो नसला की मला शब्द सापडत नाहीत. पण त्या क्षणी कागदाआड उभे राहणे त्याहून कठीण झाले होते. “ती जाळी मी उतरवतो,” मी म्हणालो. “सहा वर्षं झाली. तुम्ही सगळ्यांनी मला पाहिलंय. गाडीत बसता बसता हात करता मला. पेपरात ते वाक्य वाचलंत तेव्हा तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं, की तो माणूस टायग नाही. आणि बसमध्ये काय झालं तेही आता छापून आलंय. मी माझं नाव मागे घेतलंय. एवढंच.”

माझे आयुष्य तिथेच संपले असावे, असे मला प्रामाणिकपणे वाटले. मग दुसऱ्या रांगेतून नॅन्स लूबींचा आवाज आला. वय ब्याऐंशी, चाळीस वर्षे त्यांनी क्लबच्या जर्सी धुतल्या आहेत.

“मी सही केली तेव्हा माझा चष्मा घरी होता.”

“नॅन्स, चष्मा तुझ्या नाकावर होता! मीच पेन दिलं तुला,” मागून कुणीतरी ओरडले.

“मग अक्कल घरी असेल. लॉर्कन, माझ्या नावावर काय लिहिलंस रे?”

“तुमचा तो… गाईचा, नॅन्स.”

“कसली गाय?”

“टायगनं तुमची गाय खड्ड्यातून बाहेर काढली. भर हिवाळ्यात.”

“अरे, गाय विकून मला तेवीस वर्षं झाली! तेव्हा तो स्वतः पाळण्यातून बाहेर पडत नव्हता धड!”

आधी एकजण हसला, मग दोघे, आणि मग साठ माणसांचे हसू छताला जाऊन भिडले. कित्येक महिने ज्या गोष्टीला कुणी हात लावत नव्हते, तिच्यावरचे झाकण उडाले. हसता हसता नॅन्सचा चेहरा मात्र बदलला. त्या उभ्या राहिल्या.

“हसण्यासारखं नाही हे,” त्या म्हणाल्या. “त्या बाईचा डोळा गेला आणि मी तिच्यासमोर एक गाय उभी केली. सार्जंटबाई किती वाजता येतात ठाण्यात?”

सभा संपल्यावर वाहनतळाशी टायग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी मार खाण्याच्या तयारीने खांदे आवळले. त्याचे हात खिशात होते.

“असं लिही म्हणून मी नव्हतं सांगितलं तुला,” तो म्हणाला.

“नाही. तू नव्हतं सांगितलंस.”

“वाचलं तेव्हा बरं वाटलं होतं मला.” तो मैदानाकडे पाहत राहिला. “वाटलं, असतो आपण असं, तर…” वाक्य अर्धेच टाकून तो गेला. त्या वेळी मला त्याची दया आली. त्या दयेने माझा निश्चय सैल झाला नाही, याचे नवल मला अजून वाटते.

सोमवारी सकाळी साडेनऊला ठाण्याच्या पायरीवर नॅन्स होत्या. त्यांच्यामागे खाटीक, त्याच्यामागे शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांच्यामागे दोन भाऊ जे एकमेकांशी सात वर्षे बोलत नव्हते आणि आता शेजारी शेजारी उभे होते. रांग बेकरीपर्यंत गेली. सार्जंट कीन दारात आल्या, रांगेकडे पाहिले आणि म्हणाल्या, “पासपोर्टवाले किती?” एकही हात वर झाला नाही. बुधवारपर्यंत, मला धरून, सव्वीस जणांनी आपली नावे मागे घेतली. पंधरा राहिली; त्यांत डोनींचे होते.

अठ्ठावीस दिवसांपैकी तीन उरले असताना संचालकांनी अपील दाखल केले.

मे महिन्यात अपिलाच्या सुनावणीला आम्ही डब्लिनला गेलो. नॅन्सनी भाड्याची बस ठरवली होती. ऊनांसोबत अडतीस जण निघाले. ऊना अगदी पुढच्या बाकावर, चालकाच्या तिरक्या मागे बसल्या आणि वाटभर त्याचे गिअर ऐकत राहिल्या. “चौथ्यात टाक, बाळा, चौथ्यात,” असे एकदा पुटपुटल्याही.

तीन न्यायमूर्ती होते. मधल्या न्यायमूर्ती वयस्क होत्या, आणि वाचताना कागदावरून बोट फिरवत होत्या. त्यांनी प्रथम दाखल्यांचा ढीग बाजूला ठेवला. माणूस आपल्या गावाला आवडतो, हा पुरावा त्याने मारलेल्या बाईबद्दल काहीच सांगत नाही, असे त्या म्हणाल्या; खालच्या न्यायालयाने ते पारड्यात टाकले आणि दुसरे पारडे रिकामेच ठेवले, ही चूक होती. शिक्षा रद्द. मग नवी शिक्षा ठरवताना त्यांनी मागे घेतलेल्या नावांची नोंद घेतली, आणि टायगचे वय व कबुली त्याच्या बाजूने जमेस धरली.

त्यानंतर त्यांनी बोट कागदावरून उचलले आणि ऊनांकडे पाहिले.

त्या ऊनांबद्दल बोलल्या. सव्वीस वर्षांत एकही अपघात नाही, हे बोलल्या. त्या दिवशी बस थांबवली नसती तर एका मुलीचे काय झाले असते, हे बोलल्या. पाचही फटके, एकेक करून, बोलल्या. कपात चहा ओतताना तो कुठे पडतो हे आता कळत नाही, गर्दीत डाव्या बाजूने कुणी आले की अंग आखडते, पहाटे पाचला जाग येते आणि जायला कुठे नसते, हे सारे, जे ऊनांनी मला सांगितले होते आणि मी ज्याला फक्त स्वल्पविराम दिले होते, ते त्या दगडी दालनात शब्दागणिक उच्चारले गेले. मी घड्याळ पाहिले. अकरा मिनिटे. शेवटी त्या म्हणाल्या, “या न्यायालयाच्या मते ही इजा अतिशय गंभीर आहे, आणि ज्या शिक्षेत तिचे वजन दिसत नाही, ती शिक्षा नव्हे.”

पाच वर्षे, शेवटचे एक स्थगित.

टायगला नेले. तो जाताना मला आनंद झाला नाही. वासराला कळपातून वेगळे काढताना होते तसे काहीसे झाले. पण ऊना उठल्या तेव्हा त्या आधी कधी दिसल्या नव्हत्या इतक्या उंच दिसल्या. नॅन्सनी त्यांचा दंड धरला होता. ऊनांनी तो हळूच सोडवला आणि त्या एकट्या, मधल्या वाटेने, डाव्या बाजूला न बिचकता चालत बाहेर आल्या. दाराशी डोनी ब्रॉस्नन टायगच्या आईसोबत उभे होते. डोनींनी टोपी काढली. ऊनांनी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. त्यांनी टायगच्या आईचा हात हातात घेतला, क्षणभर धरला आणि सोडला.

परतीच्या वाटेवर लिमरिकपर्यंत निम्मे जण झोपले होते. मग खाटकाने गाणे सुरू केले, ते बेसूर होते म्हणून दोघा भावांनी ते हिसकावून घेतले, आणि शॅनन नदी ओलांडेस्तोवर सबंध बस गात होती. मीसुद्धा. माझा आवाज मला अनोळखी वाटला, आणि आवडला. बाहेर मेचे लांबलचक ऊन शेतांवर पसरले होते. कुंपणांवर पांढरी फुले इतकी दाटली होती की हिरवे दिसेना.

कॅरिगडूनच्या चौकात बस थांबली. आमच्याकडे चालकाचे आभार मानल्याशिवाय कुणी बसमधून उतरत नाही. घाईतही नाही, रागातही नाही. नॅन्स सर्वांत आधी उठल्या. चालकाने सवयीने मान हलवली, पण त्या त्याच्याकडे वळल्याच नाहीत. पुढच्या बाकापाशी थांबून म्हणाल्या, “थँक्यू, ऊना.”

ऊना चमकल्या. मागोमाग खाटीक: “थँक्यू, ऊना.” मुख्याध्यापिका. दोघे भाऊ. एकामागून एक, थांबत, वाकत, कुणी मोठ्याने, कुणी ओठांतल्या ओठांत, अडतिसांपैकी प्रत्येकजण. दहाव्यापर्यंत ऊनांचा चेहरा ताठ होता. विसाव्यापर्यंत त्या रडत होत्या. त्यानंतर त्या हसू लागल्या आणि सव्वीस वर्षे ज्या आवाजात म्हणत आल्या त्याच आवाजात म्हणू लागल्या, “सांभाळून जा. सांभाळून. पायरी बघ. सांभाळून जा.”

मी शेवटचा होतो. एरवी मी हे दोन शब्द कोटाच्या कॉलरमध्ये पुटपुटतो. त्या दिवशी ते चौकापलीकडच्या बेकरीत ऐकू गेले, असे नंतर मला सांगण्यात आले.

“ओरडतोस काय एवढा?” ऊना डोळे पुसत म्हणाल्या. “डोळा गेलाय माझा, कान नाही. चल, उतर लवकर. ड्रमलीत माझी माणसं वाट बघताहेत.”